सलाफहादाच्या मुलींनी मागितलं ते ‘वतन’ की ‘वारसा’?

एका मंडळीच्या महिला मंडळातल्या भगिनीने विचारलं आहे: महिलांच्या उपासनेत ‘गणना’ पुस्तकाच्या २७व्या अध्यायाचं वाचन ठेवलं आहे. मराठी पवित्र शास्त्रात सलाफहादाच्या पाच मुली मोशेकडे ‘वतन’ मागतात. तरुण मुलींना वतन म्हटलं की हिंदी गाण्यातला देश आठवतो, वडीलधाऱ्यांना पाटलाचं वतन. मग वाचताना तिथे ‘वारसा’ किंवा सरळ ‘मालमत्तेतला हक्क’ म्हटलं तर चालेल का? आणि मुलीला मुलाइतकाच वाटा मिळावा असं हा उतारा सांगतो, असं म्हणता येईल का?

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो: ‘वतन’च ठेवा. दुसऱ्याला मात्र थोडा वेळ द्यावा लागेल.

अरबीत वतन म्हणजे राहण्याचं ठिकाण, जन्मभूमी. हिंदी-उर्दूने तो अर्थ धरून ठेवला. मराठी मुलखात हा शब्द गावगाड्यात शिरला आणि बदलला. पिढ्यान्‌पिढ्या एका घराण्याकडे चालणारं काम, त्या कामाला जोडलेली जमीन, आणि दोन्हींमुळे मिळणारा मान, या तिन्हींना मिळून आपण वतन म्हणू लागलो. देशमुखी, पाटीलकी, कुलकर्ण ही वतनंच. वतन घराण्याचं असे. आजच्या धन्याला ते हवं तसं विकून मोकळं होता येत नसे. गावात वतन असलेला माणूस आणि उपरा यांच्या शब्दाला सारखं वजन नसे.

हिब्रूतला ‘नहला’ हा शब्द याच्या फार जवळचा आहे. कनान देशातली जमीन चिठ्ठ्या टाकून वंशांना आणि कुळांना वाटली गेली, आणि ती त्या कुळातच राहावी असा दंडक होता. ‘लेवीय’च्या २५व्या अध्यायात परमेश्वर म्हणतो की जमीन कायमची विकायची नाही, कारण ती माझी आहे. नाबोथाने अहाब राजाला द्राक्षमळा नाकारला तो याच भावनेने: वाडवडिलांचं वतन मी तुला कसं देऊ? लेवी वंशाला जमीन नव्हती, त्यांची सेवा होती, आणि त्यांना सांगितलं गेलं की परमेश्वरच तुमचं वतन. सेवा आणि वतन यांची ही सांगड मराठी कानाला समजावून सांगावी लागत नाही. इथे ‘वारसा’ घातला तर अर्थ पातळ होतो. आज आपण लेण्यांना आणि गडांना वारसा म्हणतो, नाट्यपरंपरेलाही म्हणतो. त्यात पायाखालची माती राहिलेली नाही. ‘वाटा’ हा चांगला, ठोस शब्द आहे, पण हिब्रूत त्याला ‘हेलेक’ असा वेगळा शब्द आहे. उत्पत्ती ३१ मध्ये राहेल आणि लेआ बापावर चिडून विचारतात, आता बापाच्या घरी आम्हाला काही ‘हेलेक’ आणि ‘नहला’ उरलाय का? वाटा आणि वतन, दोन्ही त्यांनी शेजारी शेजारी उच्चारले आहेत. बापाने आम्हाला परक्यांसारखं वागवलं, विकलं, हेही त्या पुढे बोलून दाखवतात. बायबलमधला हा संवाद आपल्या उपदेशांत फार क्वचित ऐकू येतो, याचं मला वाईट वाटतं.

आता महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा यांच्याकडे येऊ. ‘गणना’ हे नावच मोजदादीचं. २६व्या अध्यायात वीस वर्षांवरच्या, लढाईला जाऊ शकणाऱ्या पुरुषांची मोजणी होते आणि त्या आकड्यांवरून जमीन वाटायची ठरते. मुली या मोजणीत बसत नाहीत. तरीही मनश्शेच्या वंशाच्या यादीत या पाच जणींची नावं येतात, आणि पुढच्याच अध्यायात त्या दर्शनमंडपाच्या दाराशी मोशे, एलाजार याजक, सरदार आणि सगळी मंडळी यांच्यासमोर उभ्या राहतात. त्यांची मांडणी एखाद्या मुरलेल्या वकिलाची आहे. आमचा बाप रानात मेला. तो मोशेविरुद्ध उठलेल्या कोरहाच्या बंडात नव्हता. त्याला मुलगा नव्हता. मुलगा नाही म्हणून त्याचं नाव कुळातून का जावं? आम्हाला बापाच्या भावांबरोबर द्या. कोरहाचा उल्लेख वाया गेलेला नाही: बंडखोराच्या जमिनीवर कुणी बोट ठेवू शकलं असतं, म्हणून त्यांनी ती वाट आधीच बंद केली.

मूळ शब्द पाहिले तर एक गोष्ट दिसते, जी मराठी भाषांतरात सहज निसटते. मुलींनी मागताना ‘अहुज्जा’ हा शब्द वापरला आहे. तो ‘धरणे’ या अर्थाच्या धातूवरून आला, म्हणजे धारण केलेली जमीन, आपल्या महसुली भाषेत भोगवटा. परमेश्वराच्या उत्तरात मात्र ‘अहुज्जत नहला’ येतं, म्हणजे वतनाचा भोगवटा. मी याचं वाचन असं करतो: त्यांनी ताबा मागितला, आणि त्यांना वंशपरंपरेचा अधिकार मिळाला. मागणीपेक्षा उत्तर मोठं आहे.

हा फरक सातबारा पाहिलेल्या बाईला लगेच कळेल. वडील गेल्यावर भावांची नावं भोगवटादार म्हणून लागायची आणि बहिणींची ‘इतर हक्क’ रकान्यात जायची, ही आपल्याकडची जुनी रीत. नाव आहे, जमीन हातात नाही. सलाफहादाच्या मुलींना परमेश्वराने इतर हक्कांत घातलं नाही.

त्याच उताऱ्यातलं आणखी एक बारीक काम मला फार आवडतं. मोशेने ‘त्यांचा’ न्याय परमेश्वरापुढे नेला, असं २७:५ मध्ये आहे. हिब्रूत हा ‘त्यांचा’ शब्दाच्या शेवटच्या ‘नून’ अक्षराने दाखवला जातो आणि त्या अक्षरामुळेच कळतं की ‘त्या’ स्त्रिया आहेत. परंपरेने लिहिलेल्या हिब्रू पोथ्यांत हे एक अक्षर मुद्दाम मोठं काढतात. का, याची कारणं भाष्यकार वेगवेगळी देतात. आपल्या वाचनात तेवढी सोय नाही, पण वाचणाऱ्या भगिनीने तिथे आवाज थोडा ठाम ठेवला तर चांगलंच.

आता दुसरा प्रश्न. हा उतारा मुलगा-मुलगी समान वाटा देतो का? अक्षरशः पाहिलं तर नाही, आणि तुम्ही तसं सांगू नये. नियम असा झाला: मुलगा नसेल तर मुलगी, मुलगीही नसेल तर भाऊ, मग चुलते, मग जवळचा नातलग. भाऊ असता तर या पाच जणींना दाराशी उभं राहण्याचं कारणच उरलं नसतं. शिवाय ३६व्या अध्यायात मुलींच्याच गिलादी कुळाचे प्रमुख तक्रार घेऊन येतात: या मुली दुसऱ्या वंशात लग्न करून गेल्या तर त्यांचं वतन आमच्या वतनातून वजा होईल. मुलींनी ‘बापाचं नाव का वजा व्हावं’ म्हणताना जे क्रियापद वापरलं होतं, तेच हे पुरुष वापरतात. आणि दोघांनाही उत्तर एकाच साच्यात मिळतं: सलाफहादाच्या मुली ठीक बोलतात, योसेफाच्या (म्हणजे मनश्शेच्या बापाच्या) वंशाचे लोक ठीक बोलतात. शेवटी ठरतं की मुलींनी मनाला येईल त्याच्याशी लग्न करावं, पण बापाच्या वंशातच. त्या चुलतभावांशी लग्न करतात. पुढचा-मागचा अध्याय एकत्र वाचल्याशिवाय उपदेश करू नये, असं मला आग्रहाने वाटतं. अर्धी गोष्ट सांगितली तर ऐकणाऱ्या स्त्रीलाच आपण फसवतो.

इथे मराठी ‘वतन’ शब्दाचा इतिहास अंगावर येतो. मुंबई इलाख्याच्या १८७४च्या वतन कायद्याने वतनी जमीन वतनदारांबाहेर जाऊ नये असा बंदोबस्त केला. १८८६च्या दुरुस्तीने वतनाच्या वारसाक्रमात शेवटच्या वतनदाराची विधवा सोडून घराण्यातल्या सगळ्या स्त्रियांना, आणि स्त्रीकडून हक्क सांगणाऱ्यांनाही, घराण्यातल्या प्रत्येक पात्र पुरुषाच्या मागे टाकलं. भीती तीच, गिलादी कुळप्रमुखांची: मुलगी जाईल आणि जमीन घेऊन जाईल. फरक इतकाच की सलाफहादाच्या मुलींना लग्नाची अट पडली, वतन मात्र काढून घेतलं गेलं नाही. यहोशवाच्या १७व्या अध्यायात त्या एलाजार आणि यहोशवा यांच्यापुढे पुन्हा उभ्या राहतात, आज्ञा आठवण करून देतात आणि जमीन घेतात. निकाल मिळाल्यावरही अंमलबजावणीसाठी जावंच लागलं, हे कोर्टाची पायरी चढलेल्या कुठल्याही बाईला ओळखीचं वाटेल.

शोमरोनात, म्हणजे इस्राएल राज्याच्या जुन्या राजधानीत, १९१०मध्ये खापरांवर लिहिलेल्या नोंदी सापडल्या, इ. स. पूर्व ८व्या शतकातल्या, द्राक्षारस आणि तेल कुठून आलं याच्या. त्यांत मनश्शेच्या प्रदेशातली ठिकाणं म्हणून अबीएजेर, हेलेक, शमीदा अशा कुळांच्या जोडीला नोआ आणि होग्ला ही नावंही आहेत. तिरसा तर काही काळ इस्राएलच्या राजांची राजधानीच होती. बापाचं नाव राहावं म्हणून या बोलल्या आणि नकाशावर यांचीच नावं आली.

समान वाट्याकडे बोट दाखवणारी जागा हवी असेल तर ईयोबाच्या पुस्तकाचा शेवट वाचा. तिथे सात मुलगे आहेत, तरी बाप यमीमा, कसीया आणि केरेन-हप्पूख या तीन मुलींना त्यांच्या भावांबरोबर वतन देतो. मागणी नाही, वाद नाही. मुलींची नावं दिली आहेत, मुलांची नाहीत. आणि यहोशवाच्या पुस्तकातली कालेबाची मुलगी अखसा बापाकडे नुसत्या जमिनीवर थांबत नाही, पाण्याचे झरे मागते आणि वरचे-खालचे दोन्ही घेते. कोरडवाहू तुकडा आणि विहिरीची जमीन यांतला फरक कळणारी ती शेतकऱ्याची लेक आहे.

कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती कुटुंबांना १९२५चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर विधवेला तिसरा हिस्सा, बाकीचं मुलगे आणि मुली यांना सारखं. गोव्यात पोर्तुगीज काळापासून मुलंमुली समान वारस, आणि आजच्या कायद्यात आईबापांना मृत्युपत्राने निम्मीच मालमत्ता मनाप्रमाणे देता येते. केरळात त्रावणकोरच्या १९१६च्या कायद्याने ख्रिस्ती मुलीला मुलाच्या हिश्शाचा चौथा भाग किंवा ५,००० रुपये, यांतलं जे कमी ते मिळे. मेरी रॉय यांनी दाद मागितली आणि १९८६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथेही १९२५चाच कायदा लागू असल्याचा निर्णय दिला. म्हणजे कागदावर प्रश्न सुटलेला आहे. सुटलेला नाही तो हक्कसोडपत्राच्या टेबलावर. बहिणीने सही केली नाही तर माहेर तुटेल, आणि केली तर साडीचोळी होईल, हा हिशेब आपल्या ख्रिस्ती घरांतही चालतो. भावाबहिणींनी समजून-उमजून ठरवलं असेल तर त्यांचा प्रश्न. पण ‘ख्रिस्ती स्त्रीने त्याग करावा’ असं पाळकांनी किंवा वडिलांनी सांगून सही मिळवली असेल, तर ते ‘गणना’ २७च्या विरुद्ध आहे, असं मी स्पष्ट म्हणेन. तिथे परमेश्वराने मुलींना त्याग शिकवला नाही. त्यांचं म्हणणं ठीक आहे म्हणाला आणि नियम बदलला.

नव्या करारात याच शब्दांची दुसरी बाजू दिसते. ग्रीकमध्ये वाटपाची चिठ्ठी म्हणजे ‘क्लेरोस’. त्यावरून वतनाला ‘क्लेरोनोमिया’ आणि वारसदाराला ‘क्लेरोनोमोस’. ग्रीक वाचणाऱ्याला ही एकाच घरातली माणसं दिसतात. मराठीत कुठे ‘वतन’, कुठे ‘वारीस’ येतो आणि नातं झाकलं जातं. ‘जे सौम्य ते धन्य, कारण ते पृथ्वीचे वतन भोगतील’ हे वचन, स्वर्गात राखून ठेवलेल्या अक्षय वतनाबद्दल पेत्राने केलेलं पत्राच्या सुरुवातीचं लेखन, आणि त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पत्नीला जीवनाच्या कृपादानाची ‘सहवारस’ म्हणणं, हे सगळं एकाच धाग्यातलं आहे. तिथे पेत्र नवऱ्यांना बजावतो की त्यांना मान द्या, नाहीतर तुमच्या प्रार्थनांत अडथळा येईल. स्वर्गातलं वतन सारखं आणि गावातलं मात्र भावाचं, अशी विभागणी त्या पत्रात मला तरी सापडत नाही.

‘वतन’ ठेवा म्हणताना एक गोष्ट लपवू नये. मराठी मंडळ्यांतली अनेक कुटुंबं महार समाजातून आली. त्यांच्या आजा-पणजाला वतन म्हणजे सन्मान नव्हता. तुटपुंज्या जमिनीच्या मोबदल्यात गावाची आणि सरकारची रात्रंदिवस राबणूक होती. डॉ. आंबेडकरांनी १९२८मध्ये मुंबई विधिमंडळात १८७४चा कायदा बदलण्याचं विधेयक मांडलं ते याच जाचासाठी, आणि ही कनिष्ठ गावकामगार वतनं १९५८च्या कायद्याने रद्द झाली. तुमच्या उपासनेला बसलेल्या एखाद्या आजीला हा शब्द खुपला तर तिचं खुपणं खरं आहे. तिला आधी बोलू द्या.

म्हणून माझी सूचना अशी. शास्त्रपाठ छापील मराठी शास्त्रातला जसाच्या तसा वाचा, ‘वतन’सकट. वाचनाआधी दोन वाक्यांत सांगा: इथे वतन म्हणजे कुळातली जमीन आणि कुळातलं स्थान, दोन्ही. नाटुकलं बसवणार असाल तर मुलींच्या तोंडी ‘आम्हालाही बापाच्या वतनात घ्या’ असं वाक्य घाला. ‘मालमत्तेतला हक्क’ हा शब्द नंतरच्या चर्चेसाठी राखा, कारण तिथे कायद्याची माहिती द्यायची आहे आणि तिथे तोच नेमका आहे. मोशेच्या तोंडी मात्र लगेच उत्तर देऊ नका. मूळ गोष्टीत तो स्वतः निकाल देत नाही. मला माहीत नाही, विचारून सांगतो, अशीच त्याची भूमिका आहे. तुमच्या पाळकांना ही भूमिका करायला सांगता आली तर जरूर सांगा.