विद्यापीठाच्या ग्रंथालयात नवीन आहेस? मग हे वाच

एम.ए.ला प्रवेश घेतलास ना, मग पुण्याच्या जयकर ग्रंथालयात (आता पाटीवर ‘ज्ञानस्रोत केंद्र’ असतं) नुसतं अभ्यासिकेत जागा धरायला जाऊ नकोस. आपली निम्मी मुलं तेवढंच करतात.

आधी ओपॅकवर (ग्रंथालयाच्या ऑनलाइन सूचीत) पुस्तक शोध आणि वर्गांक, म्हणजे पुस्तकाचा विषयवार क्रमांक, लिहून घे. ड्यूई या विषयवार वर्गीकरणाच्या पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ खाली येतं, कविता ८९१.४६१. हा आकडा कळला की मांडणीपाशी उभं राहून शेजारची पुस्तकंही चाळ. यादीत न सुचलेलं पुस्तक हाताला लागतं ते तिथेच.

खरा खजिना म्हणजे नियतकालिकांचे बांधीव जुने अंक. त्यातलं बरंचसं नेटवर मिळत नाही. ते घरी देत नाहीत, तेव्हा वही घेऊनच जा. आणि संदर्भ विभागातल्या माणसांशी बोल! देवघेवीच्या खिडकीवर गर्दी असते, तिथे विषय समजावत बसू नकोस. संदर्भ विभागात मात्र ‘दलित साहित्यावर काही आहे का?’ असं मोघम न विचारता काळ, लेखक, प्रकार सांग. मग बघ, कुठले कुठले अंक काढून देतात.

प्रबंध हवे असतील तर इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राचं ‘शोधगंगा’ हे प्रबंधांचं संकेतस्थळ घरबसल्या फुकट उघडतं. इंग्रजी जर्नल्ससाठी, जानेवारी २०२५पासून सरकारी संस्थांना ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ (जर्नल्सची देशभरासाठी एकत्र वर्गणी) मिळतंय. लॉगिन ग्रंथालयातच माग.

पुस्तकं वेळेत परत कर. शेवटी ना-देय दाखल्यासाठी (काही देणं बाकी नाही असा दाखला) देवघेवीच्या खिडकीवरच जायचंय.