'पॅराडॉक्स' म्हणजे विसंगती नव्हे

प्रश्न: 'पॅराडॉक्स'चा नेमका अर्थ काय? 'त्या नेत्याच्या बोलण्यात पॅराडॉक्स आहे' हे बरोबर आहे का?

नाही. सकाळी एक आणि संध्याकाळी भलतंच बोलणं ही विसंगती, इंग्रजीत कॉन्ट्रडिक्शन. एकाच वाक्यात स्वतःचंच म्हणणं खोडलं, 'माझी आई वांझ आहे' अशा थाटात, तर त्याला आपल्याकडे 'वदतोव्याघात' हा शब्द आहे. पॅराडॉक्स निराळा. ऐकताना अशक्य वाटतं, खोलात गेलं की पटतं. म्हणजे विरोधाभास, आणि त्यातला 'आभास' शोभेपुरता नाही.

हे पोटतिडकीने लिहितेय, कारण हा शब्द मला झोंबलेला आहे. अर्थशास्त्रावरच्या एका पुस्तकाचा मी अनुवाद केला होता. त्यात 'पॅराडॉक्स ऑफ थ्रिफ्ट' होतं, ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ केन्सच्या १९३६ च्या ग्रंथामुळे गाजलेलं. मंदीत घरोघरी हात आखडता घेतला की दुकानातला माल पडून राहतो, कारखान्यात कपात होते, मिळकत घटते आणि सगळ्यांची मिळून बचत वाढत नाहीच, उलट कमीसुद्धा होऊ शकते. मी लिहिलं, 'काटकसरीचा विरोधाभास'. प्रूफ परत आलं तर 'विरोधाभास'वर लाल काट, वर बारीक अक्षरात 'विसंगती'. एकदा नाही, अकरा ठिकाणी.

फोन केला. संपादक म्हणाले, "अहो मॅडम, वाचकाला काय फरक पडतो?"

पडतो! विसंगती म्हटली की कुणीतरी चुकलंय असं वाचक धरून चालतो. इथे कोण चुकलंय? दिवाळीची खरेदी पुढे ढकलणारी बाई तिच्या घरापुरती शहाणीच आहे. तिचा हिशेब बरोबर आणि केन्सचाही. पुस्तक 'विसंगती'सकट छापलं गेलं, आतल्या पानावर माझं नाव घेऊन. अनुवाद करत असाल तर पारिभाषिक शब्दांची यादी काम सुरू होण्याआधीच संपादकाकडून लेखी मंजूर करून घ्या आणि शेवटचं प्रूफ पाहिल्याशिवाय सोडू नका.

एक मात्र मान्य करते. तर्कशास्त्रात 'हे वाक्य खोटं आहे' यालाही पॅराडॉक्सच म्हणतात. खरं मानलं तर ते खोटं ठरतं, खोटं मानलं तर खरं. तिथे नुसता आभास नाही, गाठ खरीच आहे. तिथे 'विरोधाभास' अपुरा पडतो, मी सरळ 'पॅराडॉक्स' लिहीन. पण काटकसरीच्या बाबतीत 'विसंगती' चूकच होती.