मराठी व्हॉइस टायपिंगला आपल्या भागातले शब्द शिकवता येतात का?

तुम्ही विचारलंय की बोलून टाइप करताना 'सेतवार', 'मुंतखब', 'मदतमाश' हे जमिनीच्या जुन्या कागदांतले शब्द नीट उमटावेत म्हणून कुठं भरायचे. मी लातूर जिल्ह्यातल्या औशात दस्त लिहितो, पहिला खर्डा बोलूनच काढतो, त्यामुळं हे दुखणं रोजचं आहे.

मोबाइलवरच्या जीबोर्डमध्ये, म्हणजे गूगलच्या कीबोर्डमध्ये, पर्सनल डिक्शनरी (आपले शब्द साठवायची यादी) असते. तीत मी चाळीसेक शब्द भरले. हातानं टाइप करताना ते वर दिसतात, शॉर्टकट दिला की अख्खं वाक्यही येतं. बोलताना मात्र मला काडीचा उपयोग झाला नाही. यंत्र नुसतं ऐकत नाही, अंदाज बांधतं: आवाजाशी जुळणाऱ्या शब्दांपैकी जो लिखाणात जास्त सापडतो आणि मागच्यापुढच्या शब्दांत बसतो, तो उचलतं. निजामाच्या काळातले महसुली शब्द त्याच्या वाचनात कुठून येणार? म्हणून सेतवारचं 'शेतावर' होतं, केज गावाचं 'केस' आणि आमच्या औशाचं चक्क 'असा'.

शेवटी त्याला शिकवायचा नाद सोडला आणि त्याच्या चुका वहीत लिहायला लागलो. बरं हे, की ते बहुतेक वेळा तीच ती चूक करतं. मग खर्डा वर्डमध्ये घ्यायचा, कंट्रोल एच दाबायचं आणि चुकीच्या जागी बरोबर शब्द एकदम बदलायचा.

इथं मी एकदा तोंडघशी पडलो. सगळे 'असा' बदलून 'औसा' केले. खरेदीखत वाचता वाचता पार्टीतले एक काका थांबले, "मालक, ह्यो 'औसा करार' कसला असतो?" तेव्हापासून एकटा शब्द कधी बदलत नाही, शेजारच्यांसकट बदलतो: 'तालुका असा जिल्हा' शोधायचं, 'तालुका औसा जिल्हा' टाकायचं. बोलतानाही तसंच. नुसतं 'खासरा' म्हणून थांबू नका, '१९५४ चं खासरा पत्रक' असं सलग म्हणा, पुष्कळदा बरोबर येतं. वहीतल्या सगळ्या जोड्यांचा वर्डमध्ये एकदाच मॅक्रो (ओळीनं करायच्या कामांची साठवण) रेकॉर्ड करून ठेवलाय, एका बटणात काम होतं.

शब्द भरायची खरी सोय ड्रॅगन या बोलून टाइप करायच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. लिहायचा शब्द वेगळा, उच्चार वेगळा असं दोन्ही देता येतं. पण त्याला मराठी येत नाही, इंग्रजी नोटिसा लिहिणाऱ्या वकिलांनी बघावं. कॉम्प्युटर दणकट असेल तर व्हिस्पर हे बोललेलं लिहून काढणारं सॉफ्टवेअर टाकून बघा. फुकट आहे, आपल्याच मशीनवर चालतं, पक्षकाराचे कागद बाहेर जात नाहीत. त्याला सुरुवातीला एक मजकूर देता येतो, त्यात आपले अडणारे शब्द वाक्यात गुंफून द्यायचे. मर्यादा २२४ टोकनांची (टोकन म्हणजे यंत्र शब्दाचे पाडतं ते तुकडे), आणि देवनागरी शब्द टोकनं भराभर खातो, त्यामुळं सगळी वही ओतू नका. मोठं मॉडेलच घ्या, छोट्याचं मराठी कामाचं नाही.

क्षेत्र आणि गट नंबर मी अजूनही हातानंच टाइप करतो. 'वीस आर' (आर हे जमिनीचं माप) म्हटलं की 'विसर' येतं, आणि ते कुठल्याच वहीत धरता येत नाही.