रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल, तरी पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ कशी?
रक्ताच्या रिपोर्टवरून हाडांची शिल्लक कळत नाही. रक्तातलं कॅल्शियम जरा घसरलं की पॅराथायरॉइड हार्मोन ते हाडांतून उपसतं आणि पातळी सावरतं. म्हणून रिपोर्ट चांगला, हाड मात्र विरळ. त्यात पाळी गेली की इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन घटतं आणि हाड झिजवणाऱ्या पेशींवरचा लगाम सुटतो. ड जीवनसत्त्व कमी असेल तर खाल्लेल्यातलं जेमतेम 10-15 टक्के कॅल्शियम शोषलं जातं. नुसतं दूध वाढवून भागत नाही. ड जीवनसत्त्वाची तपासणी आणि हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन करून घ्या. या वयात दिवसाला 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळतं. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणासोबतच घ्या, एका वेळी 500 मिलिग्रॅमपर्यंत. थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर हवंच, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही.