अबुधाबीत इस्राएली टीमसोबत नोकरी, घ्यावी का?

तुम्ही विचारलंय की अबुधाबीची ऑफर आहे, अर्धी टीम तेल अवीवची, आणि बाबा म्हणतायत अरब आणि इस्राएलचं कधीही फिसकटेल, उगाच मधे अडकशील. मी २०११ पासून इथे आहे, बघितलंय ते सांगतो.

आधी इथे १९७२ चा इस्राएल बहिष्काराचा कायदा होता, इस्राएलला फोनसुद्धा लागायचा नाही. मी अलिबागचा, शेजारची बेने इस्राएली (कोकणातल्या ज्यू समाजातली) आजी लेकाकडे इस्राएलमधल्या अश्दोदला गेली, आमच्या घरी दर वर्षी तिच्याकडचा मलिदा यायचा, पोहे नारळ घातलेला. इथून तिच्याशी बोलायचं तर आई अलिबागहून फोन करणार आणि मग मला निरोप सांगणार, अशी नऊ वर्षं गेली. १३ ऑगस्ट २०२० ला एमिराती (यूएई) आणि इस्राएलचा संबंध जोडायचा करार जाहीर झाला, तीन दिवसांनी फोनची लाइन सुरू झाली, मी ऑफिसच्या पार्किंगमधून फोन लावला तर पलीकडून आजी, "काय रे, जेवलास का?" मला पुढे बोलताच येईना.

म्हणून मी या मैत्रीच्या बाजूचा आहे, अगदी मनापासून. इथल्या सादियात बेटावर मशीद, चर्च आणि सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनाघर) एकाच आवारात आहेत, तिन्ही इमारती सारख्याच मापाच्या, आल्यावर नक्की बघा.

बाबांची भीती खोटी नाही. ऑक्टोबर २०२३ नंतर गाझात जे झालं ते बघून मलाही वाटलं संपलं आता. पण एमिरातींनी संबंध तोडले नाहीत, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गाझाच्या आत फील्ड हॉस्पिटल उभं केलं, इस्राएलशी बोलणं चालू नसतं तर हे जमलं नसतं असं माझं ठाम मत आहे. तरी एक सांगतो. माझ्या शेजारच्या डेस्कवर वेस्ट बँकचा एक पॅलेस्टिनी बसतो, त्याच्यासमोर मी एकदा उत्साहात कराराचं कौतुक केलं, तर तो शांतपणे म्हणाला, माझ्या आईला जेरुसलेमला नमाजाला जायलाही इस्राएलचं परमिट लागतं. मला फार लाज वाटली. त्या करारात वेस्ट बँकचा भाग जोडून घेणं इस्राएलने थांबवलं होतं, पण त्याच्या आईसाठी काय बदललं? दोस्ती तिच्यापर्यंत पोचायला हवी, ती तोडून मात्र पोचणार नाही.

तर ऑफर घ्या. तेल अवीवची माणसं मीटिंगमध्ये तोंडावर बोलतात, मनाला लावून घेऊ नका. ऑफिसात कुणाच्या देशावर आपण होऊन बोलू नका, सोशल मीडियावर तर नाहीच, इथले कायदे कडक आहेत. कामासाठी इस्राएलला गेलात तर पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, वेगळी चिठ्ठी देतात, पण कुवेत किंवा लेबनॉनला पुढे जायचं असेल तर एचआरला आधीच विचारा. आणि निघायच्या आधी बाबांच्या फोनवर बोटिम हे कॉलिंग अ‍ॅप टाकून द्या, इथून व्हॉट्सअ‍ॅप कॉल लागत नाही.