अर्जातलं दुसरं नाव

जामसंडे, ता. देवगड

प्रिय मुली,

परवा तुझा फोन ठेवल्यावर मी बराच वेळ पडवीत बसून होते. तुम्ही दोघांनी कॅनडाला कायमचं जाण्याबद्दल तू तासभर बोललीस. तुझं नर्सिंगचं रजिस्ट्रेशन, इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेतले तुझे बँड, तुझं वय, तुझा अनुभव. एवढा अभ्यास केलेला ऐकून बरं वाटलं. दहावीला भूमितीतलं अवघड उदाहरण सुटेपर्यंत तू पाटावरून उठायची नाहीस, तीच चिकाटी. पण त्या तासाभरात तुझ्या नवऱ्याचं नाव दोनदाच आलं. एकदा ‘तो हो म्हणालाय’ आणि एकदा ‘त्याला काय, तिथे काहीतरी मिळेलच’. हे पत्र त्या दुसऱ्या वाक्यासाठी आहे.

१९८९ साली, सव्विसाव्या वर्षी, मी ह्यांच्यामागून मस्कतला गेले. इथे हायस्कूलमध्ये गणित-विज्ञान शिकवत होते, नोकरी कायम झालेली होती. राजीनामा लिहायला पाच मिनिटं लागली. माझा व्हिसा कुटुंबाचा, त्यावर नोकरी करता येत नव्हती. हे जाण्याआधी माहीत होतं, पण तिथे सकाळी एसीच्या घरघरीत रिकामं बसल्यावर त्याचा अर्थ कळला. पहिलं वर्षभर मी घड्याळात शाळेचं वेळापत्रक बघत असे. इथली साडेदहाची घंटा तिथे नऊला व्हायची. नऊ वाजले की वाटायचं, आता आठवी ‘ब’ची हजेरी चालू असेल, माझ्या खडूने दुसरं कुणी लिहीत असेल. ह्यांनी मला कशाची वाण पडू दिली नाही. त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, एवढंच झालं. सात वर्षांनी परत आले तेव्हा शाळेतली जागा अर्थातच भरलेली होती. मग घरी शिकवण्या सुरू केल्या. त्यात तू मिळालीस, म्हणून त्या वर्षांबद्दल मी कडवट नाही. पण ती सात वर्षं मला अजून मोजता येतात.

तुमच्या घरात माझ्या जागी आता तो असणार आहे.

आपल्या कोकणाला माणूस बाहेर पाठवायची सवय आहे. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी-सावंतवाडीकडची माणसं करारावर मॉरिशसला गेली. आज तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. नंतर मुंबईच्या गिरण्या, मग आखात. पण गिरणगावात आणि आखातात आपल्याकडून बहुतेक एकटा पुरुष जायचा. घरची बाई इथे शेत, गुरं, सासू-सासरे सांभाळायची. तिचे कष्ट भयंकर होते, पण तिचं काम तिच्या हातात असायचं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, पुढे कितीतरी चाकरमानी गावी परतले, तेव्हा त्या बायकांनी राखलेल्या शेतावरच घरं तगली. दोघांनी मिळून, घराला कुलूप लावून जाण्याचं शहाणपण मात्र आपल्याकडे फारसं साठलेलं नाही. वाडीतल्या कुणाला विचारशील तर विमानात लोणचं कसं न्यायचं ते सांगतील. याचं उत्तर मिळणार नाही.

आता तुमच्या अर्जाचं बोलू.

मुख्य अर्जदार तू असावंस, हे मला पटतं. तुझं शिक्षण जास्त, इंग्रजी बरं, आणि २०२३ पासून कॅनडा एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे गुणांवर माणसं निवडायच्या पद्धतीत, आरोग्यसेवेतल्या लोकांसाठी निवडीच्या वेगळ्या फेऱ्या काढतो. वयाचे गुण तिशीनंतर दरवर्षी उतरत जातात, म्हणून तुझी घाईही समजते. पण नवऱ्याच्या नावापुढेही गुण असतात, ते तू सोडून दिलेस. त्याने चारही विभागांत सहा बँड आणले तर बारा गुण मिळतात. ऐकण्यात आठ आणि बाकी तिन्हींत सात आणले तर वीस. आयटीआयच्या प्रमाणपत्राचं मूल्यांकन करून घेतलंत तर आणखी थोडे. फेरीत एकेका गुणावर माणसं आत-बाहेर होतात. आणि गुण नसते तरी मी त्याला परीक्षेला बसवलंच असतं. ज्याला तिथे जाऊन वर्कशॉपमध्ये उभं राहायचंय, फोनवर स्पेअर पार्ट मागवायचाय, त्याची भाषा तुझ्या भाषेएवढीच महत्त्वाची आहे.

कॅनडाचं मस्कतसारखं नाही. कायम निवास मिळाला की तो दोघांनाही मिळतो, उतरल्या दिवसापासून दोघंही काम करू शकतात. म्हणजे मला सरकारी शिक्क्याने अडवलं तसं त्याला कुणी अडवणार नाही. त्याला अडवेल ते हे, की त्याचं कसब कागदावर कुठेच नाही. मिरकरवाड्यात पहाटे चारला ट्रॉलर बंद पडला की पहिला फोन त्यालाच येतो. नुसत्या आवाजावरून तो इंजिनाचं दुखणं सांगतो. बंदरात त्याला कुणी सर्टिफिकेट विचारत नाही, पैसे रोखीने मिळतात, हिशोब वहीत. तिथे हे सगळं शून्य धरलं जाईल आणि चौतीस वर्षांचा कारागीर गोदामात खोकी उचलायला लागेल. खोकी उचलण्यात कमीपणा नाही, पहिले चार-सहा महिने तसं काम करावंही लागेल. पण पुढची वाट माहीत असलेला माणूस ती खोकी वेगळ्या मनाने उचलतो.

ती वाट आहे. तिथे जड यंत्रांच्या मेकॅनिकचा धंदा ‘रेड सील’ या देशभर चालणाऱ्या प्रमाणपत्रात बसतो. अनुभवी माणसाला शिकाऊ म्हणून पहिल्यापासून सुरुवात न करता थेट परीक्षेला बसता येतं, मात्र काही हजार तासांचं काम लेखी दाखवावं लागतं. म्हणून आजपासून त्याच्या मागे लाग. ज्या बोटमालकांचं काम तो वर्षानुवर्षं करतोय त्यांच्याकडून पत्रं घ्यायची. कोणतं इंजिन, किती अश्वशक्तीचं, काय उघडलं, काय बदललं, किती वर्षं, खाली सही आणि बोटीचा नोंदणी क्रमांक. सुट्या भागांची बिलं, जुनी पावतीपुस्तकं, उद्यम नोंदणी, आयकर विवरणं, सगळं एका फाइलीत. खोटं एक अक्षर नको. जे केलंय तेच इतकं आहे की वाढवून सांगायची गरज नाही.

आणि तुम्ही दोघं टोरंटो, टोरंटो का करता? तिथे तुझी मैत्रीण आहे, हे कारण मला पुरेसं वाटत नाही. नकाशात अगदी पूर्वेला बघ. नोव्हा स्कोशिया, हॅलिफॅक्स. अटलांटिकवरचं बंदर, आणि आजूबाजूचा किनारा मासेमारीवर जगणारा. आपल्या शेवंडीसारख्या लॉबस्टरवर तिथली गावंच्या गावं चालतात. बोटी आल्या म्हणजे इंजिनं आली आणि इंजिनं बंद पडणं आलं. तुझ्या बाजूनेही ते बरं आहे. भारतात नोंदणी असलेल्या नर्सेससाठी त्या प्रांताच्या नर्सिंग कॉलेजने, म्हणजे नर्सेसना परवाना देणाऱ्या संस्थेने, २०२३ मध्ये नोंदणीची वाट सोपी केली, एनसीएलईएक्स ही परवान्याची परीक्षा मात्र द्यावी लागतेच. हे लक्षात ठेव, देशात राहायचा परवाना एक आणि नर्स म्हणून काम करायचा दुसरा, आणि तो प्रांत देतो. विमानातून उतरल्यावर दुसरा शोधू म्हणशील तर रजिस्टर्ड नर्स असून वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून वर्षं जातील. इथल्या नर्सिंग कौन्सिलकडून पडताळणीची कागदपत्रं थेट तिकडे जावी लागतात, त्यात महिने मोडतात, तेव्हा आधी त्या मागे लाग.

थंडीचं मी काय सांगू, मी वाळवंटात राहिलेली बाई. पण जिथे समुद्र आहे आणि हाताला ओळखीचं काम आहे तिथे त्याचा जीव लागेल, एवढं मला त्याच्याकडे बघून कळतं.

पैशाचं थोडक्यात. २०२५ च्या आकड्याप्रमाणे दोन माणसांना एकोणीस हजार कॅनेडियन डॉलर स्वतःचे दाखवावे लागतात, आणि हा आकडा दरवर्षी बदलतो. उसने चालत नाहीत. कलमांच्या बागेची किंमतही त्यात धरत नाहीत. मामाकडून चार लाख आणून खात्यात ठेवायचे आणि नंतर परत करायचे, असा विचार कुणी डोक्यात घातला असेल तर काढून टाक. बँकेच्या पत्रात मागच्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक लिहावी लागते. अर्जात खोटं सापडलं तर पाच वर्षं दार बंद, आणि अर्ज दोघांचाही जातो.

तू म्हणालीस, एक एजंट नोकरीचं पत्र मिळवून देतो, त्याचे पन्नास गुण मिळतात म्हणतो. त्याच्याकडे पुन्हा जाऊ नकोस. नोकरीच्या पत्राचे ते गुण कॅनडाने २५ मार्च २०२५ पासून बंद केले. म्हणजे तो माणूस जी वस्तू विकतोय ती दुकानातच नाही. माझ्या भाच्याने अशाच एका पत्रापायी सासऱ्याची नौका विकली, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पैसे देऊन कुणाची मदत घ्यायचीच असेल तर तिथला वकील किंवा तिथल्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचा परवाना असलेला सल्लागार घ्या. परवान्याची यादी कुणालाही बघता येते.

जमिनीचं काम मात्र जाण्याआधीच करा, हे मी हात धरून सांगते. तुझे सासरे जाऊन चार वर्षं झाली आणि सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव आहे. वारस नोंद करून घ्या. चुलत्याचा हिस्सा विकत घ्यायचं घाटत होतं ना? ते इथे राहत असतानाच उरका. एकदा अनिवासी झालात की शेतजमीन वारशाने येऊ शकते, विकत घेता येत नाही. पुढे तिथलं नागरिकत्व घेतलंत तर भारताचं सुटतं, आणि परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावरही शेतजमीन घेता येत नाही. त्याच्या आजोबांनी लावलेली कलमं आहेत ती. तो बोलणार नाही, पण त्या नोंदीवाचून त्याला तिथे झोप लागणार नाही.

राहिल्या तुझ्या सासूबाई. आई-वडिलांसाठी असलेल्या सुपर व्हिसावर त्या एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहू शकतात, पण त्या येतील का, हे तू गृहीत धरलंस, विचारलं नाहीस. त्यांनाही विचार. आणि त्यांच्यासमोर ठरवा, चतुर्थीला घर कोण उघडणार, मूर्ती कोण आणणार. हे क्षुल्लक वाटेल. माझ्या सात वर्षांतल्या सगळ्यात वाईट रात्री चतुर्थीच्या होत्या.

येत्या रविवारी दोघं या. आंब्याचा शेवटचा तोडा उतरलाय, पेटीभर रायवळ बाजूला काढून ठेवलेत. येताना त्याची पावतीपुस्तकं आणि ती हिशोबाची वही आण, भिजलेली-फाटलेली असली तरी चालेल. तासभर तू माजघरात काकांशी गप्पा मार. मला त्याच्याशी एकट्याशी बोलायचंय. त्याला तिथे जाऊन काय करायचंय, हे मी त्याला विचारणार आहे, आणि तो जे सांगेल ते वहीच्या पहिल्या पानावर त्याच्याच अक्षरात लिहून घेणार आहे. आयईएलटीएसची तारीख त्यानंतर घेऊ. तोवर रोज संध्याकाळी सात ते आठ त्याने मला फोन करायचा आणि दिवसभरात कुठलं इंजिन उघडलं ते इंग्रजीत सांगायचं. चुकलं तर मी आहे.

तुझी,
बाई