मुलगा म्हणतो, कॉलेज सोडून बँडमध्ये वाजवणार

नमस्कार ताई,

नाव छापू नका असं तुम्ही लिहिलंय, म्हणून इतर वाचकांसाठी पत्राचा मतलब तेवढा सांगते. कुटुंब मूळ नाशिकचं, आता ऑस्टिनजवळ सीडर पार्कला. मुलगा वीस वर्षांचा, जन्म टेक्ससचाच, युनिव्हर्सिटी ऑफ टेक्ससमध्ये इकॉनॉमिक्सच्या दुसऱ्या वर्षाला. चौघांच्या ऑल्टरनेटिव्ह कंट्री (अमेरिकन कंट्री संगीताचा रेडिओबाहेरचा प्रकार) बँडमध्ये तो पेडल स्टील गिटार (आडवी ठेवून, पेडलने सूर बदलत वाजवायची गिटार) वाजवतो. दर मंगळवारी एका बारमध्ये त्यांचा कार्यक्रम असतो. ही सेमिस्टर संपली की कॉलेज सोडून पूर्णवेळ वाजवणार म्हणतो. वडिलांनी सांगून टाकलंय, कॉलेज सोडलंस तर गाडीची किल्ली इथे ठेव आणि हेल्थ इन्शुरन्समधूनही तुझं नाव काढतो. तुमचा प्रश्न असा: "रेडिओवर लागतं ते कंट्रीसुद्धा हे नव्हे म्हणे. मग हे ऐकतं कोण, आणि यावर माणसं जगतात तरी कशी?"

आधी तुमच्या यजमानांसाठी निरोप. गाडीवरून हवं तेवढं भांडा, इन्शुरन्सला हात लावू नका. मूल २६ वर्षांचं होईपर्यंत आईवडिलांच्या पॉलिसीवर राहू शकतं, कॉलेजात असो वा नसो. टेक्ससने मेडिकेडचा, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी विम्याचा, विस्तार केलेला नाही. त्यामुळे दारिद्र्यरेषेखाली कमावणाऱ्या, मूलबाळ नसलेल्या धडधाकट तरुणाला ना मेडिकेड मिळतं, ना मार्केटप्लेसच्या (सरकारने चालवलेल्या विमा-बाजाराच्या) पॉलिसीवर सवलत. नवख्या वादकाची कमाई नेमकी याच फटीत अडकते. गायक-गीतकार आलेहान्द्रो एस्कोवेदो हे ऑस्टिनमधलं केवढं मोठं नाव! २००३ साली ते हेपटायटिस सीने कोसळले तेव्हा त्यांच्याकडे इन्शुरन्स नव्हता. शेवटी बरोबरीच्या कलाकारांनी त्यांचीच गाणी गाऊन अल्बम काढला आणि पैसे उभे केले. २००५ पासून 'हॅम' ही संस्था कमी उत्पन्नाच्या ऑस्टिनकर वादकांना परवडणारे उपचार मिळवून देते. काम फार चांगलं आहे, पण घरची पॉलिसी असताना मुलाला त्या रांगेत कशाला उभं करायचं?

आता हे ऐकतं कोण. नॅशव्हिलच्या, म्हणजे कंट्रीच्या राजधानीतल्या, गुळगुळीत कंट्रीला कंटाळलेली माणसं टेक्ससमध्ये पन्नास वर्षांहून अधिक काळ आहेत. गायक-गीतकार विली नेल्सन १९७२ च्या सुमारास नॅशव्हिल सोडून ऑस्टिनला आले आणि आर्माडिलो वर्ल्ड हेडक्वार्टर्स नावाच्या हॉलमध्ये हिप्पी आणि काउबॉय एकाच गाण्यावर नाचायला लागले. तो हॉल १९८० च्या शेवटच्या रात्री बंद झाला, श्रोते मात्र राहिले. 'ऑल्टरनेटिव्ह कंट्री' हे नाव रूढ झालं नव्वदच्या दशकात, इलिनॉयच्या अंकल टुपेलो या बँडच्या काळात. त्यांचा शेवटचा अल्बम १९९३ मध्ये ऑस्टिनलाच रेकॉर्ड झाला आणि त्यात पेडल स्टील वाजवली लॉइड मेन्स यांनी, पश्चिम टेक्ससमधल्या लबकच्या भागातल्या माणसाने. मुलाला हे नाव विचारून बघा. चेहरा खुलला तर त्याचा अभ्यास चालू आहे असं समजा. नुसतं विलीचं पोस्टर भिंतीवर असेल, तर मला जरा काळजी वाटेल.

श्रोते आहेत, जागाही आहेत. ऑस्टिनमध्ये कॉन्टिनेंटल क्लब, सॅक्सन पब, १९६४ पासूनचा ब्रोकन स्पोक. तिथून तासाभरावर ग्रीन हॉल, १८७८ चा लाकडी डान्स हॉल. त्यात आजही एसी नाही आणि जुलैमध्ये स्टीलचं ट्यूनिंग गाण्यागणिक सरकतं. पैशाची गोष्ट वेगळी.

त्याच्या मंगळवारच्या एका रात्रीचा हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते आहेत. दारावर ३०० डॉलर जमले. साउंड इंजिनिअरचे ६० आधी वजा होतात. उरलेल्या २४० चे चार वाटे, म्हणजे हातात ६०. टिपच्या बरणीतून आणखी पंधरा-वीस. यातून पेट्रोल आणि डाउनटाउनचं पार्किंग. पेडल स्टील म्हणजे दहा तारा, खाली पेडल, गुडघ्याने ढकलायच्या दांड्या, आणि पेटी उचलायला पाठ मजबूत हवी. पाय स्क्रूने बसवायचे, सळ्या जोडायच्या, दहाही तारा लावायच्या. म्हणून हा सगळ्यांत आधी येतो आणि सगळ्यांत शेवटी घरी जातो. सहा-सात तासांचे साठ-सत्तर डॉलर झाले. ऑस्टिन शहरातल्या संगीत व्यवसायाची एक मोठी पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात भाग घेतलेल्या वादकांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक जणांची संगीतातली वर्षाची कमाई १० हजार डॉलरच्या आत होती. त्यानंतर घरभाडी कुठे गेली ते तुम्ही सीडर पार्कला राहून पाहिलंच आहे. बरेच वादक लॉकहार्ट, सॅन मार्कोसकडे सरकले ते हौसेने नव्हे.

म्हणजे जगतात कसे? बहुतेक जण फक्त मंगळवारच्या बारवर जगत नाहीत. लग्नात आणि कंपन्यांच्या पार्ट्यांत वाजवतात, तिथे बारपेक्षा बरे पैसे मिळतात. रविवारी सकाळी चर्चमध्ये वाजवतात. शिकवण्या घेतात, दुसऱ्यांची वाद्यं दुरुस्त करतात, घरी बसून दुसऱ्या शहरातल्या गायकासाठी ट्रॅक रेकॉर्ड करून पाठवतात. शिवाय दिवसाची नोकरी. खुद्द विली नेल्सन नाव होण्याआधी दारोदार एन्सायक्लोपीडिया आणि व्हॅक्यूम क्लीनर विकत होते.

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात आणि माझ्या दृष्टीने तीच सगळ्यांत महत्त्वाची आहे: गाणी दुसरा मुलगा लिहितो आणि गातो, "आमचा फक्त वाजवतो".

ताई, हे दोन वेगळे व्यवसाय आहेत. गाणं लिहिणाऱ्याचा पैसा उशिरा येतो, कधी येतच नाही, पण आला तर झोपेतही येत राहतो. टेक्ससचे गीतकार टाउन्स व्हॅन झँट यांचं १९७२ चं एक गाणं विली नेल्सन आणि मर्ल हॅगार्ड यांनी गायलं आणि १९८३ मध्ये ते कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. टाउन्सची स्वतःची एकही रेकॉर्ड एवढी चालली नव्हती, तरी गाणं त्यांचं म्हणून रॉयल्टी त्यांची. साथीदाराला त्या रात्रीचे पैसे मिळतात, विषय संपला. अमेरिकेत एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं की गीतकार-संगीतकाराला रॉयल्टी मिळते, वाजवणाऱ्याला काहीच नाही. उद्या हा बँड गाजला तर गायकाच्या खात्यात पैसे येतील आणि स्टीलवाल्याकडे आठवणी राहतील. मैत्रीत हे बोलायला जड जातं, म्हणूनच आत्ता, बँडकडे वाटून घ्यायला काही नसतानाच बोलून घ्यावं. प्रत्येक गाण्यात कोणाचा किती टक्के वाटा, हे एका कागदावर लिहून चौघांच्या सह्या घ्यायच्या. चालीत त्याचा हात असेल, तर त्याने एएससीएपी किंवा बीएमआय या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थांपैकी एकीकडे गीतकार म्हणून नोंदणी करावी. बारमध्ये स्वतःची गाणी वाजवल्याची नोंद त्यांच्याकडे केली, तर त्याचेही थोडेफार पैसे मिळतात.

साथीदाराची जमेची बाजूही ऐका. गिटार घेऊन स्वतःची गाणी गाणारे ऑस्टिनमध्ये गल्लोगल्ली सापडतात. चांगला पेडल स्टीलवाला शोधावा लागतो. म्हणून माझं मत असं, की त्याने एका बँडसाठी कॉलेज सोडण्याऐवजी चार-पाच बँडच्या 'बदली वादक' यादीत नाव लावावं. त्यासाठी नॅशव्हिल नंबर सिस्टीम पक्की हवी. त्यात कॉर्डची नावं न लिहिता एक-चार-पाच असे आकडे लिहितात, म्हणजे गायकाने ऐनवेळी पट्टी बदलली तरी कागद तोच चालतो. न ऐकलेल्या वीस गाण्यांची यादी दुपारी हातात पडली आणि रात्री निभावून नेलं, की त्याचा फोन वाजायला लागेल. आणि वेळेवर पोचणं. वाजवण्यात थोडा डावा पण वेळेवर येणारा माणूस या धंद्यात टिकतो.

डिग्रीबद्दल सरळ सांगते: सोडू नये. संगीत क्षेत्रात कोणी डिग्री विचारतं म्हणून नव्हे, कोणीच विचारत नाही. पण इकॉनॉमिक्सची डिग्री असली की दिवसाची नोकरी तासाला जास्त पैसे देणारी मिळते, म्हणजे आठवड्यात कमी तास विकावे लागतात. उरलेले तास स्टीलचे. त्याला असं सांगितलंत तर तो ऐकेल. "लोक काय म्हणतील" या वाटेने गेलात तर नाही ऐकणार, आणि ते बरोबरच आहे. संगीतच शिकायचं असेल तर लेव्हललँडचं साउथ प्लेन्स कॉलेज आहे, तिथे १९७५ पासून कंट्री आणि ब्लूग्रास रीतसर शिकवतात. सॅन मार्कोसच्या टेक्सस स्टेटमध्ये साउंड रेकॉर्डिंगची डिग्री आहे. तुमच्या मुलाला मात्र मी आत्ता तिकडे पाठवणार नाही. वाद्य त्याच्या हातात आहे आणि तो राहतोही नेमका जिथे राहायला हवं तिथे.

त्याऐवजी येणारी उन्हाळ्याची सुट्टी त्याला पूर्ण द्या. इंटर्नशिपचा आग्रह नको. भाडं स्वतः भरायचं, मित्रांबरोबर राहायचं, बँड घेऊन लबक-डॅलस कुठे हवं तिथे जायचं. अट एकच, वही ठेवायची: किती मैल, किती तास, किती डॉलर, कोणी परत बोलावलं. निव्वळ कमाई वर्षाला ४०० डॉलर किंवा त्याहून जास्त झाली की सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सचा फॉर्म भरावा लागतो, १५.३ टक्के. तेव्हा वही तशीही लागणारच. ऑगस्टमध्ये ती वही टेबलावर ठेवून तिघांनी बोला. कदाचित तो कमी विषय घेऊन डिग्री लांबवू म्हणेल. ती तडजोड मला चालेल. फक्त त्याआधी, स्कॉलरशिप असेल तर तिच्या अटी अकॅडमिक अॅडव्हायझरकडून लेखी घ्यायला सांगा.

(इतर पालकांसाठी: तुमचं मूल एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर असेल तर यातलं काहीही जसंच्या तसं लागू करू नका. बारमधले टिपचे पैसेसुद्धा विनापरवाना काम ठरू शकतात. आधी कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारा.)

दारूबद्दल तुम्ही थेट लिहिलं नाहीत, पण "तिथलं वातावरण" म्हणालात. काळजी रास्त आहे. या माणसांचं ऑफिसच बार असतं. वीस वर्षांच्या वादकाच्या हातावर अनेक ठिकाणी काळी फुली मारतात. एकविसाव्या वाढदिवसानंतर ती फुली जाते आणि फुकटची बिअर सुरू होते. टाउन्स व्हॅन झँट ५२ व्या वर्षी गेले. त्यांच्या पिण्याच्या गोष्टी अजून कौतुकाने सांगतात, त्याचा मला मनस्वी राग येतो. ऑस्टिनमध्ये सिम्स फाउंडेशन वादकांना समुपदेशन आणि व्यसनमुक्तीसाठी मदत करतं. नंबर त्याच्या फोनमध्ये असू दे, गरज पडण्याची वाट बघू नका.

आणि यशाला किती वर्षं द्यायची, हेही विचारलंत. लबकच्या फ्लॅटलँडर्स या बँडने १९७२ मध्ये केलेलं रेकॉर्डिंग तेव्हा जवळपास कोणी ऐकलं नाही. ते १९९० मध्ये पुन्हा निघालं आणि लोकांना कळलं, की त्यातले तिघे गीतकार केवढे मोठे आहेत. मधल्या काळात त्यांतले जिमी डेल गिल्मोर डेन्व्हरला एका भारतीय गुरूंच्या आश्रमात काही वर्षं राहूनही आले! तेव्हा वर्षं मोजून मुदत घालण्यात अर्थ नाही. मुदत घाला ती २६ व्या वाढदिवसाची. त्या सुमारास घरची पॉलिसी संपते, तोवर त्याच्याकडे स्वतःचा इन्शुरन्स हवा.

एका मंगळवारी तुम्ही दोघं जाऊन या. यजमानांना म्हणावं, हिशेब तपासायला जातोय. खिशात सुट्टे डॉलर असू द्या, आणि बँड नऊला म्हणत असेल तर साडेनऊ धरा.

तुमची,
एक समुपदेशक